खिडकीकडची फळी

सोमवार, ३ फेब्रुवारी

ताई,

वर नुसतं ‘ताई’ लिहून अर्धा तास बसले आहे. ‘प्रिय’ लिहावं तर तू म्हणशील, आली मोठी लाडात. पत्ता आईकडून घेतला. तिने विचारलं, “भांडायला हवाय की बोलायला?” मी म्हटलं, कामासाठी. “म्हणजे भांडायलाच,” म्हणाली आणि दिला.

पण खरंच कामच आहे. तुझी हिरव्या पुठ्ठ्याची कच्ची वही तुझ्याकडे असेल तर थोडे दिवस पाठवशील का? पक्की वही तू जाताना जमा केलीस, ती इथे प्रयोगशाळेत सरांच्या कपाटात आहे, मी पाहिली. मला ती दुसरी हवी, अ‍ॅप्रनच्या खिशात असायची ती. लंगडीच्या वेळची.

लंगडी विसरली नसशील. त्या वाणाला नाव तूच ठेवलंस, साध्या रोपांपेक्षा चार दिवस उशिरा उगवते म्हणून. गेली चार वर्षं तिच्या बिया फ्रीजमध्ये पाकिटात पडून होत्या. सर दुसऱ्या कामात गुंतले होते. आता नवीन विद्यार्थी आलाय आणि त्याला सरांनी लंगडीच दिली. विद्यार्थी म्हणजे बेचाळीस वर्षांचे गृहस्थ! शाळेत विज्ञान शिकवतात, दोन वर्षांची रजा काढून डॉक्टरेट करायला आले आहेत. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. बायको आणि दोन मुली दुसऱ्या गावी. डब्यावर, छत्रीवर, पेनावरसुद्धा नावाची पट्टी. माझ्या चिमट्याला हात लावण्याआधी विचारतात.

त्यांना मुळाचं टोक मीच समजावलं, तू मला समजावलं होतंस तसं. टोकाच्या आत मधोमध चार पेशी निवांत बसलेल्या. त्यांना चिकटून मूळपेशी. मूळपेशी एकीच्या दोन होतात, एक कामाला जाते, एक तिथेच राहते. वरून पानांकडून ऑक्सिन नावाचं संप्रेरक उतरतं आणि टोकाशी साठतं. बेताचं असलं तर मूळपेशी मूळपेशीच राहतात. जास्त झालं की टोकाकडच्या मूळपेशींना मोठं व्हायची घाई सुटते, त्या स्टार्च भरून घेतात आणि आयोडीनचा थेंब टाकला की काळ्या दिसतात. मूळपेशी राहिलेल्या तेवढ्या पांढऱ्या. थोडं वरच्या अंगाला दुसरं संप्रेरक, सायटोकायनिन, आहेच मागे लागलेलं, चला, लहानपण पुरे, कामाला लागा. मास्तर म्हणाले, “वर्गासारखंच की! धाक थोडा असला तर पोरं नीट. जास्त झाला की अकाली पोक्त.” तुला आवडले असते ते.

तर अडचण अशी. आपला निष्कर्ष काय होता, तर जास्तीचं ऑक्सिन घातलेल्या प्लेटीत साध्या रोपाच्या मूळपेशी काळ्या पडतात, लंगडीच्या पांढऱ्याच राहतात. लंगडी ऑक्सिनचं ऐकत नाही. सरांच्या खोलीबाहेर अजून ते पोस्टर आहे, तळाशी सरांच्या मागे माझंही नाव. पण मास्तरांची लंगडी काळी पडते. दोनदा झालं.

तुझीही पडली होती. म्हणून म्हटलं, तुझी वही पाहिली तर त्यांचं काय चुकतंय ते कळेल. बाकी काही नाही.

आई बरी आहे. गुडघा धरतो तिचा.

धाकटी


गुरुवार, १३ फेब्रुवारी

ताई,

वही आली नाही. पत्र पोचलं हे मात्र नक्की, कारण रविवारी आईशी बोलताना तू म्हणालीस म्हणे, “तिचं अक्षर अजून तसंच आहे, कोंबडीचे पाय.” हे आईने मला तीनदा सांगितलं. दर रविवारी फोन ठेवला की ती मला तुझा अहवाल देते. “रोपवाटिकेत कलमांचं काम जोरात आहे. सर्दी झाली होती. तुझं विचारलं नाही, पण मीच सांगितलं.” मागच्या महिन्यात आई अंघोळीला होती म्हणून मी उचलला तर तू ठेवून दिलास. मी हॅलो म्हणायच्या आत. माझा श्वास ओळखतेस की काय?

मास्तरांचं तिसऱ्यांदाही तेच झालं. सगळी लंगडी काळी.

सरांनी त्यांना खोलीत बोलावलं. दार उघडं होतं, मी बाहेर पिपेट भरत होते. सर ओरडत नाहीत, तुला माहीतच आहे. हळू बोलतात, ते जास्त लागतं. म्हणाले, “पाकिटं तर मिसळली नाहीत ना? नीट आठवा.” मास्तर म्हणाले, नाही सर. मग सर म्हणाले, “कधीकधी माणसाला हवं तसं दिसायला लागतं.”

चार वर्षांपूर्वी तुलाही हेच वाक्य, याच आवाजात.

१३ मार्चला समिती बसतेय. तीन माणसं. प्रयोगाची पहिली पायरीच जमत नसेल तर नोंदणी रद्द करायची असं ठरतंय, म्हणजे मास्तर परत शाळेत. रजा पुन्हा मिळणार नाही. त्यांच्या धाकट्या मुलीला त्यांनी म्हणे सांगून ठेवलंय की बाबा डॉक्टर होऊन येतील, आणि ती आत्तापासून शेजाऱ्यांच्या खोकल्यावर बाबांचं औषध कबूल करून बसलीय. हे सांगताना ते हसत होते. मला हसू आलं नाही.

सरांनी मला सांगितलं, “तुमच्या हातची पद्धत त्यांना पहिल्यापासून दाखवा. चूक सापडेल.” म्हणून परवा दिवसभर दाखवली. आगर उकळणं, ऑक्सिन मिसळणं, प्लेटी ओतणं. ओतून झाल्यावर फॉइलमध्ये गुंडाळून थंड खोलीत. मास्तरांनी विचारलं, “एवढं गुंडाळायचं कशाला, मॅडम? बाळंतिणीसारखं?” मी म्हटलं, उजेडात ऑक्सिन मरतं. दिवसादोन दिवसांत निम्मं होतं, चार दिवसांत नावापुरतं उरतं. त्यांनी लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. मग म्हणाले, “आणि तुम्ही कायम गुंडाळता?”

मी म्हटलं, कायम.

हे वाक्य मी वर लिहिलं, खोडलं, कागद बदलला आणि परत लिहिलं. राहू दे.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तशी गत झाली आहे. कुणी फॉइलचा रोल जरी काढला तरी मी दचकते. वही पाठव ना, ताई. त्यात काय लिहिलं आहेस ते मला कळलं पाहिजे.

धाकटी


शुक्रवार, २१ फेब्रुवारी

ताई,

आज आडवळणाने न जाता लिहायचं ठरवलं आहे. बघू किती जमतं.

थंड खोलीतून काढलेल्या प्लेटीच्या झाकणाला घाम येतो. प्लेट उभी केली की ते पाणी ओघळतं आणि इवलाली रोपं घसरून तळाशी गोळा होतात. तासन् तास मन लावून मांडलेली रोपं! तू त्या प्लेटी आदल्या दिवशी बाहेर काढून, फॉइल न सोडता, अंधाऱ्या कपाटात कोमट व्हायला ठेवायचीस. मला तेवढा धीर कुठला? मी तेव्हा हंगामी होते, दर सहा महिन्यांनी कागद नवा व्हायचा, आणि सरांना सगळं काल हवं असायचं. म्हणून मी काही प्लेटी थंड खोलीत न नेता बाहेरच ठेवायचे. खिडकीकडच्या फळीवर.

‘काही प्लेटी’ असं लिहिलंय मी. बघ, अजूनही ताकास तूर लावत नाहीये.

साधी रोपं आधी तयार व्हायची, ती ओतल्या दिवशीच ताज्या प्लेटीत जायची. लंगडी चार दिवसांनी तयार व्हायची. तिच्या प्लेटी चार दिवस खिडकीत, उघड्या. एकाच दिवशी, एकाच भांड्यातून ओतलेल्या, म्हणून मला वाटायचं सगळं समान आहे. नियम आहे गुंडाळायचा, पण नियम तर चप्पल बाहेर काढायचाही होता.

तो दिवस तुला आठवतो का हे विचारायची माझी छाती होत नाही. सरांच्या टेबलावर एका बाजूला माझ्या तीन खेपांचे फोटो, लंगडी पांढरी. दुसऱ्या बाजूला तुझ्या दोन खेपा, लंगडी काळी. तीन विरुद्ध दोन. सर म्हणाले, दोघी सख्ख्या बहिणी, एकच प्रयोग, मग घोडं पेंड कुठे खातंय? तू त्यांच्याकडे पाहिलंच नाहीस. माझ्याकडे वळलीस आणि अगदी साधं विचारलंस, “लंगडीच्या प्लेटी तू कुठे ठेवल्या होत्यास?”

मी म्हटलं, “फॉइलमध्ये. थंड खोलीत.”

इतकंच. पाच शब्दही नाहीत. नियम मोडला म्हणून सर रागावतील, कागद नवा होणार नाही, एवढंच होतं डोक्यात. त्याने निष्कर्ष बदलला असेल असं तेव्हा वाटलं नव्हतं, शप्पथ. मग सर तुला ते वाक्य म्हणाले. तू उठलीस. पुढच्या आठवड्यात तुझं टेबल रिकामं, आणि घरी तुझ्या पलंगावर नुसती गादी.

कदाचित त्याने काही फरक पडलाही नसेल. थोडा उजेड, थोडं ऑक्सिन. म्हणून उद्यापासून मी एक प्रयोग लावतेय, कुणाला न सांगता. साधीच रोपं घेणार, लंगडी नाही. अर्ध्या प्लेटी फॉइलमध्ये थंड खोलीत, अर्ध्या चार दिवस खिडकीत. साधी रोपं दोन्हीकडे काळी पडली तर मी निर्दोष. आईला सांगेन की पेढे वाट, आणि कशाबद्दल ते सांगणार नाही.

जीव टांगणीला लागलाय. आई म्हणते, “खात का नाहीस? कुणी दिसलाय का?” मी म्हटलं, हो, आयोडीन.

धाकटी


रविवार, २ मार्च

ताई,

शुक्रवारी दुपारी पाहिलं. दार आतून लावून.

खिडकीतल्या प्लेटींमधली साधी रोपं पांढरी राहिली. ठार पांढरी. त्या चार निवांत पेशींच्या खाली मूळपेशींची ओळ स्वच्छ, जणू ऑक्सिन कुणी घातलंच नव्हतं. नव्हतंच उरलं. साध्या रोपाची मी खिडकीत ठेवून लंगडी करून दाखवली. मग खात्रीसाठी दुसरी बाजूही केली. थंड खोलीतल्या प्लेटींमधली साधी रोपं काळीच होती; तिथे थोडी खरी लंगडीही मागाहून लावली होती, तिला आयोडीन घातलं. काळी. तुझ्यासारखी, मास्तरांसारखी.

लंगडी ऑक्सिनचं ऐकते, ताई. नीट ऐकते. उशिरा उगवते एवढंच. चार वर्षं आम्ही तिला बहिरी ठरवून भिंतीवर टांगलंय.

तू बरोबर होतीस. हे एकदा नुसतं लिहून ठेवते, पुढे कितीही फाटे फोडले तरी हे इथे राहील. तू बरोबर होतीस आणि मी खोटं बोलले. आणि खोटं बोलले हे मला त्याच आठवड्यात कळलं होतं, कारण तू गेल्यावर मी एकही प्लेट कधी खिडकीत ठेवली नाही. निर्दोष माणूस असं करत नाही. निर्दोष माणसाला खिडकीचं काय?

मग माझा कागद पक्का झाला. पोस्टरवर नाव आलं. आई म्हणाली, एक गेली पण एकीचं तरी बस्तान बसलं.

आता मी काय करू? सरांना सांगावं तर लंगडीवर छापून आलेला लेख मागे घ्यावा लागेल. सर पुढच्या वर्षी निवृत्त होतायत आणि तो लेख त्यांचा सगळ्यात लाडका. मला काढतील. काढावंच. आईला काय सांगू? आणि न सांगावं तर अकरा दिवसांनी मास्तर गाशा गुंडाळून जातील. अगदी तुझ्यासारखे. मी परत पिपेट भरत उभी असेन.

रात्र जाते तशी जाते, दिवसच जास्त वाईट. सगळे नेहमीसारखं बोलतात.

मास्तरांनी शुक्रवारी चौथ्या खेपेच्या प्लेटी ओतल्या. शेवटची खेप. लंगडी मंगळवारी तयार होईल तोवर ते मुलींना भेटायला गावी गेलेत. जाताना मला म्हणाले, “मॅडम, तेवढ्या माझ्या प्लेटींकडे लक्ष ठेवा. तुमच्या भरवशावर सोडून चाललोय.” फॉइलच्या प्रत्येक गाठोड्यावर नाव, तारीख, आणि ‘उघडू नये’ असं सुवाच्य अक्षरात.

आता मला एक गोष्ट सुचली आहे आणि ती डोक्यातून जात नाही. त्या प्लेटी दोन दिवस जरी खिडकीत राहिल्या तर त्यांची लंगडी पांढरी राहील. सर खूश, समिती खूश, मास्तर इथेच राहतील. कुणाचंच काही जाणार नाही. माझंही.

फॉइल काढायला दोन मिनिटं लागतात. आज रविवार, तिथे कुणी नाही. आईला फोन तू अकराला करतेस. मी साडेदहाला बाहेर पडतेय.

धाकटी


मंगळवार, ११ मार्च

ताई,

काढलं मी फॉइल. मागच्या पत्रात विचारल्यासारखं लिहिलं होतं, पण पाकीट बंद करतानाच मला माहीत होतं. फक्त लंगडीच्या प्लेटींचं. दोन दिवस खिडकीकडच्या फळीवर, मंगळवारी सकाळी ते यायच्या आत परत गुंडाळून जागेवर. घड्या जुन्या घड्यांवर बसवल्या. एवढ्या निगुतीने मी कधी चादर घडी केली नसेल.

गुरुवारी आयोडीन. मास्तर सूक्ष्मदर्शकातून डोकं वर काढेचनात. मग म्हणाले, “मॅडम, तुम्ही बघा. माझ्या डोळ्यांवर विश्वास नाही माझा.” मी पाहिलं. पांढरी होती.

मास्तर खुर्चीत बसले आणि चष्मा काढून त्यांनी रुमालाने डोळे पुसले. मग जिन्यात जाऊन बायकोला फोन लावला. सरांनी येऊन पाठ थोपटली, म्हणाले, “सांगितलं नव्हतं? हात बसायला वेळ लागतो.” समिती आता नावापुरती. सुंठीवाचून खोकला गेला. मला वाटलं होतं की त्या क्षणी सुटल्यासारखं वाटेल, आणि वाटलंही, संध्याकाळपर्यंत. घरी जाऊन पोटभर जेवले. आईने विचारलं, “आयोडीनने हो म्हटलं का?”

काल मास्तर समितीपुढे ठेवायचा अहवाल घेऊन आले. “जरा बघता का, भाषा सरांसमोर शोभेल ना?” चार पानं, समास सोडून, शाळेच्या फळ्यावरच्या अक्षरात. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं:

‘पहिल्या तीन खेपांतील निष्कर्ष चुकीचे आले. ही चूक सर्वस्वी माझ्या हलगर्जीपणाची असून तिचे नेमके कारण मला सापडू शकलेले नाही. त्याबद्दल मी समितीची क्षमा मागतो.’

मी म्हटलं, हे कशाला लिहिता? चौथी खेप आली ना बरोबर. ते म्हणाले, “असं कसं? मी पोरांना चुकलेलं गणित पुन्हा सोडवायला लावतो तेव्हा म्हणतो, नुसतं उत्तर बरोबर आणू नका, आधी कुठे चुकलात ते दाखवा. मला दाखवता येत नाहीये, मॅडम. तेच खातंय मला. तिन्ही वेळा मी सगळं तस्सं केलं होतं. मग माझ्यात असं काय आहे की जे मलाच दिसत नाही?”

ताई, तू अशी किती दिवस बसली होतीस? स्वतःच्या हातांकडे बघत, की यांचं काय चुकतं म्हणून? मी तुझ्याकडून तुझं काम घेतलं असं मी इतके दिवस म्हणत होते, मनातल्या मनात. पण मी तुझे हात घेतले होते. आता यांचे घेतले. आणि हे तर त्याबद्दल माफी मागतायत, मला शुद्धलेखन तपासायला देऊन!

मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

दोन काने, एक वेलांटी दुरुस्त करून कागद परत दिला. परवा समिती. काचपट्ट्या दाखवायला मला आत बोलावणार आहेत, तेव्हा सांगेन. सांगेनच म्हणते, पण माझ्या म्हणण्याला काय किंमत आहे हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? म्हणून तुला लिहून पाठवतेय. हे पत्र उद्यापरवा तुझ्या हातात पडेल. नाही सांगितलं तर निदान एका माणसाला माहीत असेल.

धाकटी


शुक्रवार, १४ मार्च

ताई,

काल सकाळी निघताना तुझं पार्सल आलं. खाकी कागद, वर सुतळी, आत चौकोनी काहीतरी. आई म्हणाली, “उघड की!” मी म्हटलं, आल्यावर. ती कात्री घेऊनच उभी होती. तिच्या हातातून घेऊन कपाटात वरच्या फळीवर ठेवलं, जिथे तिचा गुडघा तिला जाऊ देत नाही.

मला भीती वाटत होती की त्यात पुरावा असेल. आणि त्याहून जास्त, की नसेल. नसता तर मी गप्प बसले असते, तेवढं मी मला ओळखते. आणि उघडून पुरावा सापडला असता तर मला तुझ्या वहीने बोलायला लावलं असतं. म्हणून न उघडता गेले.

समितीत सर, बाहेरून आलेल्या एक वयस्कर बाई आणि शेजारच्या विभागातले एक गृहस्थ, जे सगळा वेळ पेनाचं टोपण उघडत-लावत होते. मास्तर इस्त्रीच्या शर्टात. मला बोलावलं. मी काचपट्टी लावली, बाईंनी पाहिलं, म्हणाल्या, “छान. अगदी स्वच्छ पांढरी ओळ.” सरांनी मला मानेनेच जायला सांगितलं.

माझी पाचावर धारण बसली होती. दारापर्यंत गेलेसुद्धा. कडीला हात लावला आणि तिथूनच, पाठमोरी, म्हणाले, “ती माझ्यामुळे पांढरी आहे.”

मग वळावं लागलं. सगळं उलटसुलट सांगितलं. आधी मास्तरांच्या प्लेटी, मग खिडकी, मग चार वर्षांपूर्वीची खिडकी, मग माझा चोरून केलेला प्रयोग. फोटो अ‍ॅप्रनच्या खिशात होते, ते काढताना दोन खाली पडले. टोपणवाल्या गृहस्थांनी उचलून दिले.

सरांनी फोटो एकेक करून पाहिले. मग म्हणाले, “तुम्हाला तेव्हाच विचारलं होतं.”

“तुम्ही नव्हतं विचारलं, सर. ताईने विचारलं होतं. तुम्ही फक्त माझं उत्तर घेतलंत.”

हे बोलायला नको होतं कदाचित. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. वाईट वाटलं मला.

बाईंनी मास्तरांचा अहवाल पुढे ओढला आणि तिसऱ्या पानावरच्या त्या तीन ओळी स्वतःच्या पेनाने खोडल्या. म्हणाल्या, “तुमच्या पहिल्या तीन खेपा बरोबर आहेत. त्यांच्यावरून पुढे चला.” तर मास्तर राहिले. नवीन विषयासकट, कारण आता प्रश्नच उलटा झालाय: लंगडी सगळं ऐकते तर मग उशीर का करते?

मला वाटलं मास्तर आभार वगैरे मानतील. कसली मूर्ख आहे मी! बाहेर व्हरांड्यात त्यांनी मला गाठलं आणि म्हणाले, “मी बायकोला फोन केला होता, मॅडम. तुम्ही जिन्याच्या खाली उभ्या होतात. ऐकत होतात.” एवढंच बोलून गेले. त्यांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

सर लेख मागे घेण्याचं पत्र लिहितायत. मला आजपासून त्या खोलीत जायची मनाई आहे, चौकशी होईपर्यंत. चौकशीत काय होणार ते दिसतंच आहे. किल्ली काल संध्याकाळी दिली. पोस्टर सरांनी स्वतः काढलं, खुर्चीवर चढून. कुणाला धरू दिली नाही खुर्ची.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, मध्ये एकदा उठून गॅस बंद करून आली. शेवटी म्हणाली, “मला वाटायचं तुमचं एखाद्या मुलावरून वाजलं असेल.” आणि मग रडायला लागली, तेव्हा मीही.

मग पार्सल उघडलं. चिठ्ठी आधी शोधली, कागदाच्या घड्यांमध्येसुद्धा. नाही. फक्त हिरवी वही, पुठ्ठ्याचा कोपरा अजून आयोडीनने पिवळा. पानं उलटत गेले. शेवटचं लिहिलेलं पान त्याच दिवसाचं, सरांनी आपल्याला बोलावलं होतं त्या. पेन्सिलने, तुझ्या त्या छापल्यासारख्या अक्षरात:

‘धाकटीच्या लंगडीच्या प्लेटी खिडकीकडच्या फळीवर. फॉइल नाही. सोमवारपासून रोज पाहतेय. आज सरांसमोर विचारेन, म्हणजे तिचं तिलाच सांगता येईल. सांगेल ती.’

त्यापुढची पानं कोरी आहेत.

तुला माहीत होतं. विचारतानाच माहीत होतं. आणि मी तुझ्या तोंडाकडे बघून थंड खोली म्हटलं, तरी तू वही काढली नाहीस खिशातून. मी इतकी वर्षं समजत होते की तू माझ्यावर चिडलीस कारण तुझे आकडे हरले.

परवा रविवार. अकरा वाजता फोन मी उचलणार आहे. आईला सांगून ठेवलंय, ती अंघोळीला जाणार आहे म्हणे, गरज नसताना. मला काय बोलायचं ते माहीत नाही आणि तुला बोलायचं नसलं तरी चालेल. फक्त ठेवू नकोस, ताई. मी श्वास घेतेय तेवढं ऐक.

धाकटी